स्टिकी नोट्स, कार्डशीट आणि टिकल्या: नवं सुचण्याच्या बैठकीचं सामान, नागपूरच्या हवेचा विचार करून

कामाच्या जागी लोकांना नवं काही सुचत नाही अशी तक्रार निघाली की पहिली खरेदी बहुतेक एकच होते, मोठा व्हाइट बोर्ड. मिहानमधलं सॉफ्टवेअर ऑफिस असो, बुटीबोरीतला कारखाना असो की धरमपेठेतला सहा माणसांचा स्टुडिओ. बोर्ड भिंतीवर चढतो, पहिला आठवडाभर त्यावर बाण आणि वर्तुळं दिसतात, आणि महिन्याभरात तिथं कुरियरवाल्याचा नंबर आणि चहाचा हिशेब उरतो. बोर्ड वाईट असतो असं नाही, पण ज्या अडचणीसाठी तो घेतला ती त्याने सुटत नाही.

म्हणून इथे सहा माणसांच्या दीड तासाच्या बैठकीला लागणारं सगळं सामान एकत्र पाहिलं आहे: स्टिकी नोट्स, पेन, कार्डशीट, टेप, टायमर, टिकल्या, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. असे संच तयार पेटीतही ऑनलाइन मिळतात. ते महाग पडतात, आणि आतले सूचनापत्ते इंग्रजीत असतात. शॉपफ्लोअरवरच्या माणसाच्या हातात इंग्रजी सूचनापत्ता दिला की तो गप्प बसतो. बर्डीवर किंवा इतवारीत, नागपूरच्या या बाजारांत, सुटं सामान घ्या, बोर्ड सोडून सगळं साधारण हजार रुपयांत बसतं. आमचा कौल स्वच्छ आहे: या संचातला सर्वांत स्वस्त भाग, म्हणजे चिठ्ठी आणि पेन, तोच खरं काम करतो. बोर्ड नसला तरी चालतं.

असं का, हे कळल्याशिवाय सामान नीट निवडता येत नाही. ‘सगळे बसा आणि मनात येईल ते बोला’ ही पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑसबर्न यांनी रूढ केली आणि १९५३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. तिचे नियम चार. टीका नंतर करा, विचित्र वाटलं तरी मांडा, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली भर घाला. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चार-चार जणांचे गट आणि एकेकटी बसून लिहिणारी तेवढीच माणसं यांची तुलना केली. एकट्या चौघांच्या याद्या एकत्र करून सारख्या कल्पना एकदाच मोजल्या, तरी त्यात गटापेक्षा जवळजवळ दुप्पट कल्पना निघाल्या. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये यामागची कारणं एकेक करून तपासली. लोक काय म्हणतील ही भीड आणि दुसरे बोलतायत ना म्हणून येणारी ढिलाई यांचाही वाटा असू शकतो, पण मोठा अडथळा फार साधा निघाला: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं डोक्यात धरून बसतात. धरून ठेवताना नवं सुचत नाही, आणि पाळी येईतो जुनं निसटतं.

बोर्डापुढे एक जण मार्कर घेऊन उभा राहिला की नेमकं हेच होतं. त्यातून तो जे लिहितो ते त्याच्या शब्दांत लिहितो, आणि साहेब पहिल्या दोन मिनिटांत बोलले की पुढच्या सगळ्या कल्पना त्यांच्याच वाक्याच्या आसपास फिरतात. चिठ्ठ्यांवर सहा हात एकाच वेळी लिहितात. कुणाचं अक्षर आधी भिंतीवर गेलं याला अर्थ राहत नाही. ऑपरेटरची चिठ्ठी आणि मॅनेजरची चिठ्ठी एकाच आकाराची असते.

आता नोट्स. आकार ७६ मिलिमीटर चौरस, म्हणजे नेहमीची तीन इंची. दोन इंचीवर माणूस शब्द आखडतो आणि ‘क्वालिटी’, ‘मार्केटिंग’ असा एकच शब्द लिहून मोकळा होतो. अशा शब्दातून नंतर काहीच निघत नाही. पाच बाय तीन इंचीवर परिच्छेद लिहिले जातात. तीन इंचीवर जाड पेनाने सात-आठ शब्द बसतात, म्हणजे एक पूर्ण वाक्य, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. एका पॅडमध्ये १०० नोट्स असतात. सहा जणांना पहिल्या फेरीत प्रत्येकी १५ धरल्या तर ९० लागतात, भर घालायच्या फेरीला आणखी ५०-६०. एका रंगाचे दोन आणि दुसऱ्या रंगाचं एक, अशी तीन पॅडं पुरतात.

पहिल्या फेरीत सगळ्यांना एकच रंग द्या. विभागाप्रमाणे रंग वाटण्याची पद्धत दिसायला नीट असते, पण त्यामुळे कोणती चिठ्ठी अकाउंट्सची आणि कोणती प्रॉडक्शनची हे लांबूनच कळतं आणि लोक चिठ्ठीऐवजी विभाग वाचायला लागतात. दुसरा रंग फक्त दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घालण्यासाठी ठेवा. फिका पिवळा सगळ्यात चांगला. गडद गुलाबी आणि हिरव्यावर निळं अक्षर दोन मीटरवरून दिसत नाही.

गमाची परीक्षा दुकानातच करता येते. एक नोट काउंटरच्या काचेवर लावा, काढा, परत लावा, असं पाचदा करा. पाचव्यांदा कोपरा उचलला गेला तर ते पॅड घेऊ नका, कारण बैठकीत प्रत्येक चिठ्ठी तीन-चार वेळा जागा बदलते. चांगल्या नोटेवरचा गम हा बारीक, न फुटणाऱ्या गोळ्यांचा असतो. त्या पृष्ठभागाला थोड्याथोड्याच टेकतात, म्हणून नोट धरतेही आणि सुटतेही. ३एम कंपनीतले स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये घट्ट धरणारा गम शोधत असताना हा ढिला गम त्यांच्या हाती लागला. त्याचं करायचं काय, हे बरीच वर्षं कुणाला सुचलं नाही. या गोष्टीकडे शेवटी परत येऊ.

चिठ्ठी पॅडवरून काढायचीही रीत आहे. खालून वर ओढली की तिची गुंडाळी होते आणि भिंतीवर ती जिभेसारखी बाहेर येते. बाजूने, डावीकडून उजवीकडे ओढा, ती सपाट राहते. बैठक सुरू होण्याआधी सगळ्यांना हे एकदा करून दाखवा, अर्धं मिनिट लागतं.

पेन बॉलपेन नको. बॉलपेनने माणूस बारीक आणि लांबलचक लिहितो आणि भिंतीपासून दोन पावलांवर ते वाचता येत नाही. बोर्ड मार्करचं टोक फार जाड असतं, तीन इंचात चारच शब्द मावतात. साधारण एक मिलिमीटर टोकाचा परमनंट मार्कर किंवा चांगला स्केच पेन घ्या. परमनंट मार्करची शाई खालच्या नोटेवर उतरते का ते पाहून घ्या. उतरत असेल तर चिठ्ठी आधी पॅडवरून काढा, मग लिहा. सहा माणसांना आठ पेन, सगळे एकाच रंगाचे. पेन मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मार्करची शाई स्पिरिटची असते आणि ४५ अंशांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीत टोपण थोडं जरी ढिलं असलं तरी दुपारपर्यंत पेन कोरडा पडतो.

आता सगळ्यात कमी विचार होतो त्या गोष्टीकडे: चिठ्ठ्या लावायच्या कशावर? चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर नोट टिकत नाही. त्या भिंतीची भुकटी गमाला लागते आणि पुढच्या वेळी ती नोट काचेवरही धरत नाही. ऑइलपेंट, सनमायका आणि काच यांवर उत्तम टिकते. आणि इथे गणित करायलाच हवं. तीन इंची नोट थोडी फट सोडून लावली तर दहा सेंटिमीटरची चौकट घेते, म्हणजे एका चौरस मीटरला शंभर. चार बाय तीन फुटी बोर्डवर अशा जास्तीत जास्त १०८ मावतात, तेही सलग रांगांत. पण चिठ्ठ्या गटांत लावायच्या तर मोकळी जागा दुप्पट लागते. म्हणजे बहुतेक ऑफिसं जो बोर्ड घेतात तो सहा माणसांच्या एका बैठकीलाही अपुरा पडतो. सहा बाय चार फुटीवर २१६ बसतात, पण त्याची किंमत आणि तो जिन्याने वर नेण्याचा त्रास वेगळा.

याला कार्डशीट हा फार चांगला पर्याय आहे. शाळेच्या प्रोजेक्टला लागते तीच, २२ बाय २८ इंची, पांढरी. एका शीटवर ३५ नोट्स मोकळ्या बसतात. सहा शीट्स शेजारी शेजारी लावल्या की दोनशेच्या वर जागा झाली, आणि खर्च बोर्डाच्या तुलनेत नगण्य. भिंत कशीही असली तरी चालतं. एक गट एका शीटवर घेता येतो, शीट उचलून दुसऱ्या टेबलावर नेता येते. शीट लावायला मास्किंग टेप वापरा, सेलोटेप काढताना रंगाचे पोपडे निघतात. चारही कोपरे आणि वरची कड मधोमध, असे पाच तुकडे लावा. चारच लावले तर पंख्याच्या वाऱ्याने शीटचं पोट फुगतं.

आणि कूलर. होळीपासून पाऊस पडेपर्यंत नागपुरात बैठक कूलरसमोरच होणार, हे धरूनच चाला. कूलरची हवा जोरात असते आणि ओली असते. जोरामुळे चिठ्ठ्या उडतात हे दिसतं, पण ओलाव्याने कागद मऊ पडून वाकतो आणि तासाभराने एकेक करून खाली येतो, हे लक्षात येत नाही. शीट्स कूलरच्या समोरच्या भिंतीवर किंवा कूलरच्याच भिंतीवर नकोत. हवेच्या झोताला काटकोनातली बाजूची भिंत निवडा. कूलर बंद करायचा विचारही करू नका, घामेजलेल्या माणसाला काही सुचत नाही. शक्य असेल तर मे महिन्यात बैठक सकाळी साडेआठला ठेवा.

बोर्ड घ्यायचाच असेल तर त्याबद्दल थोडक्यात. स्वस्त बोर्ड मेलामाइनचे असतात. त्यांचा पृष्ठभाग वर्षभरात झिजतो आणि पुसलेलं अक्षर भुतासारखं मागे दिसत राहतं. सिरॅमिक स्टीलचा बोर्ड बराच महाग असतो, पण पुसला जातो आणि चुंबकही धरतो. डस्टर कधी धुतलाच नाही तर तो शाई पुसण्याऐवजी पसरवतो, मायक्रोफायबरचं फडकं बरं. चुकून परमनंट मार्करने लिहिलं गेलं तर त्यावरून बोर्ड मार्कर फिरवा आणि लगेच पुसा. नव्या शाईतल्या स्पिरिटने जुनी सुटते.

टायमर स्वयंपाकघरातला, घंटा वाजणारा घ्या. मोबाइलचा टायमर नको, कारण वेळ बघायला फोन उघडणारा माणूस संदेश वाचून परत येतो. टिकल्या मात्र या संचातला आमचा आवडता भाग. कोणत्या कल्पना पुढे न्यायच्या यावरच्या मतदानाला गोल स्टिकर वेगळे विकत मिळतात, पण लाल गोल टिकल्यांचं पाकीट तेच काम करतं, बोटाने सहज लागतं आणि लांबून ठळक दिसतं. प्रत्येकाला तीन. मत देण्याआधी प्रत्येकाने आपण निवडलेल्या तीन चिठ्ठ्यांचे क्रमांक कागदावर लिहायचे आणि मगच टिकल्या लावायच्या. हे चुकवलं तर जिथं आधी चार टिकल्या दिसतात तिथंच पाचवी जाते. साहेबांनी सगळ्यांत शेवटी लावायच्या.

सामान कितीही चांगलं असलं तरी प्रश्न ढोबळ असेल तर चिठ्ठ्याही ढोबळच येतात. ‘संत्रा बर्फीची विक्री कशी वाढवावी?’ यावर ‘जाहिरात करा’ आणि ‘भाव कमी करा’ एवढंच येईल. ‘रात्रभर रेल्वेने जाणाऱ्या ग्राहकाच्या घरी मे महिन्यातही बर्फी न चिकटता कशी पोहोचेल?’ असं विचारलं की डब्याचा आकार, कागदाचा थर, वड्यांमधली फट, स्टेशनजवळ द्यायची वेळ, असं हाताला लागणारं काही येतं. कारखान्यात ‘उत्पादकता वाढवा’ऐवजी ‘साचा बदलायला ४० मिनिटं लागतात, ती २५ वर कशी आणता येतील?’ असं विचारा. प्रश्नात कोण, कुठे, केव्हा आणि एक मोजता येणारी गोष्ट हवी. तो आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सुचण्याचे जे चार टप्पे मांडले त्यात तयारीनंतर लगेच उजेड पडत नाही, मधे प्रश्न मनात मुरायचा काळ असतो. एक रात्र तरी द्या.

दीड तास असा वापरा. पहिली पाच मिनिटं प्रश्न मोठ्याने वाचणं आणि शंका. मग दहा मिनिटं पूर्ण शांततेत लिहिणं, एका चिठ्ठीवर एकच कल्पना. चौथ्या-पाचव्या मिनिटाला सगळे थांबतात. तिथे टायमर बंद करू नका, कारण तोपर्यंत सगळ्यांनी फक्त आधीच माहीत असलेलं लिहिलेलं असतं आणि वेगळं काही येतं ते या अवघडलेल्या शांततेनंतरच. मग पंधरा मिनिटांत प्रत्येकाने उठून आपल्या चिठ्ठ्या वाचत शीटवर लावायच्या. स्पष्टीकरण नाही, ‘हे आपल्याकडे नाही होणार’ नाही. पुढची दहा मिनिटं दुसऱ्या रंगावर भर घालणं, वीस मिनिटं गट करणं आणि क्रमांक टाकणं, दहा मिनिटं टिकल्या. उरलेल्या वीस मिनिटांत पहिल्या तीन कल्पनांवर एकच चर्चा: पुढच्या शुक्रवारपर्यंत कमीत कमी खर्चात ही करून बघायची तर कोण काय करेल? नाव आणि तारीख त्याच चिठ्ठीवर लिहा.

लोक एकमेकांना नवे असतील, किंवा वरिष्ठांसमोर उठून वाचायला कचरत असतील, तर ६-३-५ ही पद्धत वापरा. १९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख यांनी ती मांडली. सहा माणसं, प्रत्येकापुढे तीन स्तंभ आणि सहा ओळी आखलेला ए-फोर कागद. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या, कागद उजवीकडच्याला द्यायचा, आलेला कागद वाचून दुसऱ्या ओळीत तीन. अर्ध्या तासात १०८ रकाने भरतात. त्यात एकच गोष्ट बऱ्याचदा परत येते, म्हणून १०८ वेगळ्या कल्पनांची अपेक्षा ठेवू नका. चौथ्या फेरीपासून वाचायलाच वेळ जातो, तेव्हा पाचाऐवजी सहा-सात मिनिटं द्या. पाच किंवा चारच जण असतील तर तितक्याच ओळी आखा. आठच्या वर माणसं झाली तर दोन गट करा.

भाषेचा आग्रह कुठेच धरू नका. ‘तेलाचा डबा इतक्या दूर काहून ठेवता?’ अशी एक चिठ्ठी पंधरा इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठीपेक्षा जास्त काम देते, कारण ती ज्याने लिहिली त्याने तो डबा रोज उचलला आहे. हिंदीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, चित्र काढा.

नाश्त्याबद्दल एक अगदी व्यवहारी गोष्ट. तर्री पोहे चिठ्ठ्या लावून झाल्यावर द्या, आधी नको. तर्रीचं तेल बोटांना लागलं की गमावर बसतं आणि अर्ध्या चिठ्ठ्या खाली येतात. हात धुवून आल्यावरही ओल्या बोटांनी तेच होतं.

सर्वोत्तम कल्पनेला रोख बक्षीस जाहीर करू नका. टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, ‘हे केलं तर हे मिळेल’ असं आधी ठरवून केलेल्या कामात सर्जनशीलता कमी दिसली. बैठकीत त्याचा दुसराही तोटा आहे: बक्षीस लागलं की कुणी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर भर घालत नाही. कल्पना अमलात आल्यावर ती कुणाची होती हे सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा, तेही उशीर न करता.

आणि सूचनापेटी? कुलपाची ॲक्रिलिक पेटी याच दुकानांत मिळते. तक्रारींसाठी ती ठेवा, तिथे नाव न कळणं महत्त्वाचं असतं. कल्पनांसाठी घेऊ नका. पेटीतली चिठ्ठी फक्त पेटी उघडणारा वाचतो. दुसऱ्या कुणाला ती दिसतच नाही, मग तीवर भर कोण घालणार?

त्याऐवजी बैठकीनंतर त्याच कार्डशीट्स पाण्याच्या फिल्टरजवळ दोन दिवस लावून ठेवा, बाजूला कोरं पॅड आणि दोरीने बांधलेला पेन. मुरायला वेळ लागणारं बरंच काही या दोन दिवसांत येतं, आणि बैठकीत नसलेल्या रात्रपाळीच्या माणसांकडूनही येतं. काढण्याआधी प्रत्येक शीटचा समोरून, फ्लॅश बंद करून, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. शीट गुंडाळायची असेल तर चिठ्ठ्यांच्या प्रत्येक रांगेच्या वरच्या कडेवरून पारदर्शक टेपची एक पट्टी ओढा, नाहीतर उघडताना सगळ्या चिठ्ठ्या तळाशी जमलेल्या मिळतात.

टिकली न मिळालेल्या चिठ्ठ्या टाकू नका. सिल्व्हर यांचा ढिला गम सहा वर्षं तसाच पडून होता. ते कंपनीत त्याबद्दल जमेल तिथे बोलत राहिले, आणि १९७४ मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडतात या त्रासावर तो आठवला. १९८० मध्ये नोट्स अमेरिकाभर बाजारात आल्या. फ्राय यांना तो गम आठवला, कारण त्यांनी त्याबद्दल ऐकलेलं होतं. उरलेल्या चिठ्ठ्या लिफाफ्यात भरा आणि दर सहा महिन्यांनी नव्या बैठकीच्या आधी टेबलावर पसरा. लिफाफ्यावर तारीख आणि प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा. प्रश्नाशिवायच्या चिठ्ठ्या सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही कळत नाहीत.